गोधडीचा घास

आमचं शिवणकेंद्र एका मंगळवारी संध्याकाळी कायमचं बंद झालं. तसं काही झालंच नाही असं धरून पुढे वाचा. आम्ही बायकांनीही तसंच धरलं, आणि आजवर कुणाचं काही बिघडलेलं नाही.

तर त्या मंगळवारी सरकारी खात्यातल्या निमसे साहेबांची मोटारसायकल दाराशी थांबली तेव्हा केंद्र चालू होतं. पंखाही चालू होता, म्हणून छतातून पिसं पडत होती.

पिसांचं सांगायला हवं. भोसरीच्या मागे, कारखान्यांच्या भिंती संपतात तिथे एक जुनी पोल्ट्री आहे, तेच आमचं केंद्र. कोंबड्या केव्हाच गेल्या होत्या, पण त्यांची पिसं पत्र्याखालच्या वाशांत अडकून राहिली होती. पंखा लावला की त्यातलं एखादं सुटायचं आणि कुठलीच घाई नसल्यासारखं खाली यायचं. नवीन आलेल्या बाईला वाटायचं, आपल्याला स्वप्न पडतंय. जुन्या बायका वर न बघता केसातलं पीस काढायच्या आणि हातातल्या गोधडीच्या थरात सारून द्यायच्या. काही वाया घालवायचं नाही, हा केंद्राचा नियम होता. जुन्या साड्या, धोतरं, कारखान्यातून फेकलेल्या चिंध्या, आणि मी. मी बारावी नापास होते.

माझं नाव सोजर. आम्ही सगळ्याच बाहेरून आलेल्या. कौसरभाभी मालेगावच्या. त्यांच्या नवऱ्याचे माग बंद पडले तेव्हा ते दोघं इकडे आले. भाभींच्या हाताला पैसे यायला लागल्यापासून तो त्यांना विचारल्याशिवाय कोथिंबीरसुद्धा आणत नसे. फूलमती बिहारची. तिच्याकडे गोधडीला सुजनी म्हणतात आणि तिच्यावर मासे, पालख्या, भांडणारे नवराबायको असं सगळं टाक्यांनी काढतात. फूलमतीच्या प्रत्येक सुजनीत एक माणूस झाडावरून पडताना असायचा. कोण म्हणून विचारलं की ती म्हणायची, "देवर आहे. अजून पडला नाही. मी वाट बघते."

आणि माझी आई, गयाबाई. आई झोपायची नाही.

म्हणजे कमी झोपायची असं नाही. झोपायचीच नाही. आमचं गाव पळसोंडी. ते धरणात गेलं तेव्हा मी कडेवर होते, त्यामुळे मला त्यातलं आठवतं ते एवढंच की कडेवरून सगळं हलत होतं. आईला बाकीचं सगळं आठवत होतं. "डोळं मिटलं की पानी येतं गं," एवढंच ती म्हणायची, आणि तेही नळाला पाणी येतं म्हणावं तसं.

गाव सोडताना आईनं घराघरातून एकेक जुनेर मागून आणलं होतं. कुणी लुगडं दिलं, कुणी धोतर, कुणी पटका. त्यांची ती एक गोधडी शिवत होती. कुणाचं घर कुठे होतं तसं त्याचं कापड तिथे. हिरव्या लुगड्यांची आळी होती, पांढऱ्या धोतरांचा ओढा होता, पटक्याच्या लाल तुकड्याचं मारुतीचं देऊळ होतं. गोधडी इतकी मोठी झाली की आमच्या भाड्याच्या खोलीत ती पूर्ण उलगडली तर आम्हाला बाहेर उभं राहावं लागायचं. फक्त या पोल्ट्रीतच ती सगळी पसरता यायची. म्हणून आई रोज सगळ्यांच्या आधी केंद्रात यायची, ऑर्डरचं काम उरकायची आणि मग गावात जाऊन बसायची.

गोधडी शिवून झाली होती. एक कोपरा उघडा होता, तेवढाच.

आमच्याकडे रीत आहे. शेवटचा कोपरा शिवून टाकण्याआधी त्यात भाकरीचा एक तुकडा ठेवतात. त्याला घास म्हणतात. गोधडी उपाशी राहिली तर तिच्याखाली माणसाला नीट झोप लागत नाही. ऑर्डरच्या गोधड्यांतही आम्ही घास घालायचो. एकदा शहरातल्या एका दुकानातून फोन आला की तुमच्या मालाला मुंग्या आहेत. कौसरभाभींनी सांगितलं, "हां, बरोबर आहे. नैसर्गिक आहे ना." दुकानवाल्यानं आणखी मागवल्या.

पण आपल्या गोधडीत आई घास घालत नव्हती. मी कितीदा तरी भाकरी पुढे केली.

"ही न्हाई चालायची. पीठ रेशनचं हाय."

"त्याला काय होतं?"

"रेशनच्या दाण्याला गाव नसतं. आपल्या मातीतला घास लागतो."

आपली माती पाण्याखाली होती. म्हणून कोपरा उघडा. त्या गोधडीवर दुसरं कुणीही बसलं की त्याला हमखास झोप लागायची आणि उठल्यावर कडकडून भूक. फूलमतीनं एकदा प्रयोग म्हणून डुलकी काढली आणि उठून तिघींचे डबे संपवले. आई एकटीच तिच्यावर टक्क जागी बसायची.

"केंद्रप्रमुख कोण?" निमसे साहेबांनी दारातून विचारलं. तीस-बत्तीसचे असतील. शर्ट घामानं चिकटलेला, एका हातात फाइल, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत कुलूप, सीलची लाख आणि जेवणाचा डबा होता, हे नंतर कळलं.

"मीच," कौसरभाभी म्हणाल्या. "या, बसा. पाणी?"

"नको. मी केंद्र बंद करायला आलोय."

"मग तर पाणी घ्याच."

साहेबांनी पाणी घेतलं आणि उभ्या उभ्याच फाइल उघडली. "हे केंद्र 'स्थानिक पारंपरिक कला' या सदराखाली मंजूर आहे. तुमच्यात स्थानिक कोण आहे?"

भाभींनी सगळ्यांकडे नीट पाहिलं. मग वर पाहिलं.

"पंखा."

"काय?"

"पंखा इथलाच आहे, साहेब. कोंबड्यांच्या वेळचा. आम्ही सगळ्या बाहेरच्या."

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. एक पीस त्यांच्या फाइलवर येऊन बसलं. त्यांनी ते फुंकरीनं उडवलं आणि पुढचं वाचलं. "दुसरं म्हणजे, तपासणीत असं आढळलं की इथली एक गोधडी दुसरीसारखी नाही. परंपरा म्हटली की एकसारखेपणा लागतो. त्याशिवाय सिद्ध होत नाही."

"दोन बायका एकसारख्या आणून द्या साहेब," फूलमती म्हणाली, "लगेच बनवते."

"अहो, हे माझं म्हणणं नाही. वरून आलंय." साहेबांनी कपाळ पुसलं. "मी पंचनामा लिहितो, तोवर तुम्ही आपलं सामान आवरून बाहेर व्हा. आत कुणी राहता कामा नये. जिवंत काहीही. मागे मी एका गोदामाला सील लावलं, आत मांजर राहिलं होतं. माझी चौकशी चालू आहे अजून."

"मांजराचं काय झालं?" मी विचारलं.

"त्याचीही चालू आहे."

मशीनं थांबली. बायका उठून कापडं गोळा करायला लागल्या. कुणी रडलं नाही. घर सोडायची आमच्यातल्या प्रत्येकीला सवय होती, म्हणून हात भराभर चालत होते. मला ते रडण्यापेक्षा वाईट दिसलं.

आई फक्त उठली नाही. तिची गोधडी फरशीवर पूर्ण पसरलेली होती आणि ती उघड्या कोपऱ्याशी बसून होती. मी जवळ गेले.

"आई, घडी घालू या."

"घातली की पुन्ना उलगडायची कुटं?" ती म्हणाली.

खोलीत उलगडणार नाही, अंगण नाही, गच्चीवर घरमालक येऊ देत नाही. एकदा घडी घातली की पळसोंडी कायमची फळीवर जाणार आणि आई उरलेला जन्म तिच्याखाली टक्क जागी बसणार.

तेवढ्यात निमसे साहेब लिहायला जागा शोधत आले आणि गोधडीच्या कडेवर टेकले.

"तिथं नका बसू, साहेब," मी म्हणाले.

"का?"

"झोप लागते."

"ड्यूटीवर मला झोप लागत नाही," निमसे साहेब म्हणाले.

हे त्यांचं शेवटचं वाक्य. पेन कागदावर सरळ चाललं होतं ते हळूहळू उताराला लागलं, त्याची एक लांब रेघ झाली, आणि तिच्यामागोमाग साहेबही आडवे झाले.

"गेले," कौसरभाभी म्हणाल्या.

"कुठे?" मी विचारलं.

"ते गयाताईंना विचार. कुठं पडलेत ते?"

आईनं मान वाकडी करून पाहिलं. "डोकं मारुतीच्या पारावर हाय. पाय वढ्यात."

पोल्ट्रीत एकदम शांत झालं. बाहेर कारखान्याचा घणघणाट होता, पण तो आत येताना दारातच चपला काढून येत असावा. पिसं पडत होती. साहेब लहान मुलासारखे तोंड उघडं टाकून झोपले होते. आम्ही भोवती उभ्या राहिलो.

"केंद्र बंद करायचा कागद फाडू या का?" मी विचारलं.

"फाडून काय? साहेब दुसरा छापतील," भाभी म्हणाल्या.

"मग साहेबांनाच शिवून टाकू," फूलमतीनं सुई वर धरली. "मी कडेनं बारीक टाका घालते. दिसणार पण नाही."

"गप गं," आई म्हणाली. तिनं साहेबांच्या गालावर बसलेलं पीस दोन बोटांनी उचललं. "उनातनं आलंय लेकरू."

साहेब झोपेत हसले. मग अगदी स्पष्ट म्हणाले, "म्हशी आल्या."

आईचा हात तसाच हवेत राहिला.

साहेबांना जाग आली तेव्हा दारातलं ऊन आत सरकून मशीनच्या पायापर्यंत आलं होतं. ते उठून बसले आणि आमच्याकडे अशा नजरेनं पाहायला लागले की जणू आम्ही त्यांच्या घरात आलोय.

"कुठे होतो मी?"

"ड्यूटीवर," मी म्हणाले.

"नाही, नाही. एक पार होता. आणि मारुती. त्याला शेंदूर एकाच बाजूनं होता."

"दुसऱ्या अंगाला पाऊस गळायचा," आई म्हणाली. "धुऊन जायचा."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "पुढे आड होता. तिथं एक उंच बाई घागर घेऊन उभी होती. मला म्हणाली, कुणाचा रे तू? मला माझं नावच आठवेना. मी आपला उभा. मग ती म्हणाली, बरं बरं, ये, म्हशी आल्यात, बाजूला हो."

"आवाज घोगरा व्हता?"

"हो. तुम्हाला कसं..."

"गोदाक्का," आई म्हणाली. "ती समद्यास्नीच इचारायची. सख्ख्या जावयाला बी इचारलंतं."

साहेबांनी बूट काढले आणि आपले पायमोजे चाचपले. दोन्ही ओले होते. घाम असेल. मी मुद्दाम लिहून ठेवते की घाम असेल.

"मला फार भूक लागलीय," ते शेवटी म्हणाले.

"ती लागतेच," फूलमतीनं सांगितलं आणि आपला डबा हळूच मागे लपवला.

पण साहेबांनी पिशवीतून स्वतःचा डबा काढला. कुलूप आणि लाख बाजूला ठेवली. डब्यात ज्वारीच्या भाकरी होत्या, पापुद्रा सुटलेल्या, आणि शेंगदाण्याची चटणी. वास पोल्ट्रीभर पसरला. आईनं मान वर केली.

"जवारी कुठली, दादा?"

"आमचीच. घरची आहे." पहिला घास पोटात गेल्यावर साहेबांचा आवाजच बदलला. "आमच्याकडे आधी कुसळं उगवायची हो. आजोबा खडी फोडायला जायचे. आता कालव्याचं पाणी आहे, बारमाही. त्या पाण्यावर मी शिकलो, नोकरीला लागलो."

"कंचा कालवा?"

"पळसोंडीचा. डावा कालवा."

कुणीतरी टेबलावर कात्री ठेवली, तिचा आवाज आला.

"पळसोंडी म्हणजे आमच्याकडचं धरण आहे," साहेब समजावून सांगायला लागले. "मोठं आहे. तुम्ही नाव ऐकलं नसेल."

"पळसोंडी गाव हाय," आई म्हणाली. "धरण मागनं आलं. तुमी आत्ता तितंच झोपला व्हता."

साहेबांनी खाली पाहिलं. ते हिरव्या आळीत मांडी घालून बसले होते. डबा पाराच्या कडेला होता. त्यांनी हळूच एक बोट लाल तुकड्यावर ठेवलं आणि लगेच उचललं, पायाला पाय लागल्यावर आपण उचलतो तसं. मग भाकरीकडे पाहिलं. तोंडातला घास त्यांना गिळता येईना आणि काढताही येईना.

वरून एक पीस निघालं. फार वेळ लावून ते खाली आलं आणि चटणीत पडलं. कुणी हललं नाही.

"दादा," आई म्हणाली, "येक घास द्या मला."

साहेबांनी सगळा डबाच पुढे केला. "घ्या ना, ताई. सगळं घ्या. मला नको."

"न्हाई न्हाई. तुमी जेवा. मला येकच पायजे."

तिनं भाकरीच्या कडेचा एक तुकडा मोडला. हुंगला. कपाळाला लावला. मग गोधडीच्या उघड्या कोपऱ्यात हात कोपरापर्यंत घालून तो आत, खूप आत ठेवला. सुई ओवायला लागली तर तिला दोरा दिसेना. कौसरभाभींनी ओवून दिला. आईनं टाके घातले. एक, मग एक, मग एक. शेवटच्या टाक्याला गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला.

"झालं," ती म्हणाली.

मग ती आडवी झाली. आमच्या घराच्या जागेवर, आजीच्या नारिंगी लुगड्याच्या चौकोनात डोकं टेकून. मी आईला कधी आडवं झालेलं पाहिलं नव्हतं, म्हणून आधी घाबरले. वाकून नाकाशी हात धरला. श्वास चालू होता. थोड्या वेळानं त्याला आवाज आला.

आई घोरत होती.

मी उभी राहिले आणि ठरवलं की आपण हसायचं. पण तोंडाला ते कळलं नाही. फूलमतीनं माझं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं आणि म्हणाली, "रो मत, आवाज होतो."

बायकांनी बांधलेली गाठोडी तशीच होती. निमसे साहेबांनी जेवण संपवलं, डबा धुतला, आणि ते बराच वेळ कुलूप हातात घेऊन दारात उभे राहिले.

"यांना उठवावं लागेल," ते हळू आवाजात म्हणाले.

"उठवा ना," भाभीही हळू आवाजात म्हणाल्या.

साहेब आत गेले. आईजवळ उकिडवे बसले. हात पुढे केला, मागे घेतला. तिच्या केसातलं एक पीस काढलं, आणि ठेवायला दुसरी जागा सुचेना म्हणून खिशात ठेवलं. मग चवड्यांवर चालत बाहेर आले.

"आत जिवंत माणूस असताना सील लावता येत नाही," ते म्हणाले. "तसा नियमच आहे."

"मांजराचं तर चालूच आहे," मी म्हणाले.

"चालूच आहे."

ते पायरीवर बसून राहिले. संध्याकाळ झाली, पाळी सुटल्याचे भोंगे झाले, आई उठली नाही. शेवटी साहेबांनी पंचनामा पुरा केला आणि मला वाचून दाखवला: केंद्र आज रोजी कायमचे बंद करण्यात आले. आत झोप चालू असल्याने सील लावणे शक्य झाले नाही. झोप संपताच लावण्यात येईल.

"झोप संपली की कळवा," त्यांनी सांगितलं.

"कळवते," मी म्हणाले.

ती अजून संपलेली नाही. आई उठली दुसऱ्या दिवशी, आणि उठल्या उठल्या म्हणाली, "भाकरी हाय का?" पण ती उठायच्या आत कौसरभाभी तिच्या शेजारी आडव्या झाल्या होत्या. भाभींनंतर फूलमती. तेव्हापासून आमच्याकडे झोपेची पाळी असते. जिची पाळी असेल तिनं पळसोंडीत जाऊन पडायचं, बाकीच्यांनी शिवायचं. नवीन बाई आली, मग ती ओडिशाची असो की यवतमाळची, तिला आम्ही आधी झोपायला शिकवतो, टाका नंतर. उठल्यावर ती सांगते आडावर कोण भेटलं, आणि आई मशीनवरून नाव सांगते. ऑर्डरी वाढल्या आहेत. पंखा तोच आहे. निमसे साहेब दरवर्षी नवी ज्वारी आली की एक पिशवी दारात ठेवून जातात. कुलूप ते विसरूनच येतात. बंद पडलेल्या केंद्रात दुसरं कुणी तपासणीला येत नाही.

एकच काम राहिलंय. नवी गोधडी वापरायच्या आधी आपल्या अंगणातल्या भिंतीवर एक दुपार उन्हात घालायची असते. बाकी सगळं झालं, ते झालं नाही. आईनं कधी म्हणून दाखवलं नाही. पण परवा ती झोपेतून उठली, गोधडीवर हात फिरवला आणि म्हणाली, "वलसर लागती गं." म्हणून मी अर्ज केला. माझ्या अक्षराला तोड नाही, बारावी नापास झाले ते इतर कारणांनी. अर्जाची नक्कल खाली देते.

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पळसोंडी धरण विभाग.

विषय : गोधडी वाळत घालण्याकरिता धरणाचे पाणी बाजूला करून मिळणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, श्रीमती गयाबाई, राहणार मौजे पळसोंडी, हल्ली मुक्काम भोसरी, यांच्या घराच्या अंगणावरील पाणी एका दुपारपुरते बाजूला करून मिळावे. संपूर्ण गावावरील पाणी हटवण्याची आवश्यकता नाही. अंगण, पूर्वेकडील भिंत आणि शक्य झाल्यास आडापर्यंतची पायवाट पुरेशी आहे. मासे असल्यास त्यांना आगाऊ सूचना देण्यात यावी. गोधडी वाळताच पाणी पूर्ववत सोडण्यास अर्जदारांची कोणतीही हरकत राहणार नाही. मात्र हे काम डाव्या कालव्याखालील श्री. निमसे यांच्या ज्वारीच्या पाण्याची पाळी चुकणार नाही अशा बेताने करावे, ही नम्र विनंती.